नंबर कुठे लागेल?

खासगी प्रवेश समुपदेशक पालकांना तीन गोष्टी विकतो: नियमांची माहिती, महाविद्यालयांचा पसंतीक्रम आणि धीर. बारावीचे निकाल लागले की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथे अशा समुपदेशकांचे फलक दिसू लागतात. कुणी शिकवणीचा चालक असतो, कुणाचे नेट कॅफे असते, कुणी पुण्याच्या एखाद्या सल्ला संस्थेचा स्थानिक माणूस असतो. शुल्क काही हजारांपासून सुरू होते. त्याच्या बदल्यात ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरून मिळतो आणि 'नंबर कुठे लागेल' या प्रश्नाचे उत्तर मिळते. पहिल्या दोन गोष्टी आता चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर आणि मराठीत, फुकट किंवा थोडक्या पैशांत देऊ शकतात. ती कुठे भरवशाची ठरतात आणि कुठे घात करतात, हे समजायचे तर आधी प्रवेशप्रक्रियाच नीट पाहावी लागते.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यकीय, कृषी अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष म्हणजे सीईटी सेल राबवतो. विनाअनुदानित खासगी संस्थांमधील प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा २०१५ चा कायदा त्यामागे आहे. नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, ऑप्शन फॉर्म, जागावाटप, मग पुढचा राउंड, या साखळीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया किंवा रोजच्या बोलीत 'कॅप' म्हणतात. प्रत्येक टप्प्याला मोजके दिवस असतात. एक टप्पा हुकला की त्या विद्यार्थ्याचे गुण कितीही असोत, यंत्रणा त्याच्यासाठी थांबत नाही.

बीड जिल्ह्यात हे वेळापत्रक घराघराच्या वेळापत्रकाशी टक्कर घेते. जिल्ह्यातील लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांत हे नित्याचे आहे. दाखले काढण्याचे आणि जात पडताळणीचा अर्ज भरण्याचे महिने नेमके तेच, म्हणजे आईवडील कोयत्यावर असतानाचे. मुलगा किंवा मुलगी आजीजवळ, नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात असते. घरात ऑप्शन फॉर्म पाहिलेला माणूस बहुधा कुणीच नसतो. अशा घराने अनोळखी माणसाच्या हाती काही हजार रुपये आणि मुलीचा पासवर्ड ठेवला, तर त्यात भोळेपणा नाही. विचारायला दुसरे कुणी नव्हते, एवढेच. ही साधने याच घरांच्या सर्वांत जास्त उपयोगी पडू शकतात. म्हणूनच त्यांच्या चुकाही याच घरांना सर्वांत महाग पडतील.

पहिली चूक साधनाच्या घडणीतूनच येते. अशा साधनामागचे भाषेचे प्रारूप अफाट मजकुरावर घडवलेले असते. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेले असते. त्याच्या आत सीईटी सेलची चालू वर्षाची नियमावली फडताळात ठेवल्यासारखी नसते. त्याने वाचलेला मजकूर एका ठरावीक तारखेपर्यंतचा असतो आणि त्यात जुने-नवे नियम एकमेकांत मिसळलेले असतात. इंटरनेटवर शोध घेण्याची सोय असली, तरी शोधात पहिली सापडणारी पाने बहुधा खासगी शिकवण्यांची आणि मागच्या वर्षांची असतात.

मराठवाड्यासाठी याचे ठळक उदाहरण वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० सूत्राचे आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी ही पद्धत होती. महाविद्यालये कमी आणि 'नीट' परीक्षेला बसणारी हुशार मुले भरपूर, म्हणून मराठवाड्यातून तिच्याविरुद्ध अनेक वर्षे ओरड होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती रद्द केली. पण तिच्याविषयी लिहिलेला मजकूर इंटरनेटवर ढीगभर पडून आहे आणि साध्या प्रश्नावर साधन तो आजचा नियम म्हणून सांगू शकते. नियम बदलतच राहतात. अभियांत्रिकीचे तीन कॅप राउंड २०२५ मध्ये चार झाले. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश मोठ्या शहरांपुरता होता, तो त्याच वर्षी सगळ्या राज्याला लागू झाला. २०२६ पासून सीईटी दोनदा देता येईल, असा निर्णय जाहीर झाला. प्रत्येक बदलाबरोबर साधनाच्या आठवणीतला एकेक नियम शिळा होतो, आणि शिळा नियमही ते ताज्याइतक्याच ठामपणे सांगते.

यावर उपाय एकच, आणि तो साधा आहे: साधनाला आठवणीतून बोलू न देता कागद समोर ठेवून बोलायला लावणे. सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक अभ्यासक्रमाची माहिती पुस्तिका आणि मागच्या राउंडच्या कट-ऑफ याद्या पीडीएफ स्वरूपात जाहीर करतो. त्या फाइली संवादात जोडता येतात. मग प्रश्न साधारण असा विचारावा: 'सोबतच्या माहिती पुस्तिकेतूनच उत्तर दे. उत्तर ज्या नियमावर आधारले आहे त्याचा क्रमांक आणि पान सांग. पुस्तिकेत नसेल तर नाही म्हणून सांग.' उत्तर आले की ते पान उघडून नियम डोळ्यांनी वाचायचा. या पडताळणीला पाच मिनिटे लागतात. पुस्तिकेची इंग्रजी कायदेशीर भाषा सोपी करून मराठीत सांगणे हे काम ही साधने उत्तम करतात. समुपदेशकाच्या शुल्काचा काही भाग खरे तर याच कामासाठी जात असतो.

कट-ऑफ यादी वाचणे त्याहून अवघड. एका महाविद्यालयाच्या एका शाखेखाली लहानसा तक्ता असतो. स्तंभांना 'जी-ओपन-एच', 'एल-ओबीसी-ओ', 'जी-एनटी३-एस' अशी जोडनावे असतात. पहिले अक्षर जागा सर्वसाधारण की मुलींसाठी राखीव ते सांगते. मधला भाग प्रवर्गाचा. तिथे एनटी१ म्हणजे भटक्या जमाती-ब, एनटी२ म्हणजे क आणि एनटी३ म्हणजे ड. शेवटचे अक्षर एच असेल तर जागा गृह विद्यापीठातल्यांची, ओ असेल तर बाहेरच्यांची, एस असेल तर राज्यस्तरीय. रकान्यात वर गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाईल. ज्या प्रवर्गात त्या राउंडला कुणाला जागा मिळालीच नाही, तो स्तंभ तक्त्यात नसतो, त्यामुळे प्रत्येक शाखेचा तक्ता वेगळ्या रुंदीचा होतो. साधन फसते ते नेमके इथे. पीडीएफमधून मजकूर उचलताना स्तंभ एक घर सरकतो आणि ओबीसीचा आकडा एनटीच्या नावावर जातो. उत्तर मात्र नीटनेटक्या तक्त्यात येते आणि शंका घ्यायला जागा दिसत नाही. यादीतील निदान दहा आकडे मूळ पीडीएफशी ताडून पाहिल्याशिवाय ती यादी वापरण्याजोगी समजू नये.

पर्सेंटाईलचाही एक फेरा आहे. २०२५ मध्ये सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक मुलांनी दिली. म्हणजे पर्सेंटाईलचा एक अंक चार हजारांवर मुलांचा आणि दशांश बिंदूनंतरचा एक अंक चारशेंवर मुलांचा होतो. ९१.२ आणि ९१.६ हे साधनाला जवळपास सारखेच वाटतात. रांगेत मात्र त्यांच्यामध्ये दीड हजारांहून जास्त मुले उभी असतात. एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करायची तर पर्सेंटाईलपेक्षा गुणवत्ता क्रमांक जास्त विश्वासार्ह आहे. साधनाला तसे स्पष्ट सांगावे लागते, आपणहून ते बहुधा पर्सेंटाईलच धरते.

बीडच्या मुलांचा सर्वांत मोठा गोंधळ गृह विद्यापीठाचा. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो; त्यात संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. लातूर मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले तेव्हा नांदेड, परभणी आणि लातूर तिकडे गेले. अंबाजोगाई, केज, परळीची हजारो मुले दहावीनंतर 'लातूर पॅटर्न'च्या अभ्यासासाठी लातूरला जातात आणि बारावी तिथूनच देतात. महाराष्ट्रातच दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ बारावी कुठून दिली यावर ठरते, गाव कोणते यावर नाही.

समजा, केज तालुक्यातील वंजारी समाजाची एक मुलगी लातूरहून बारावी झाली. तिचे गाव, रेशनकार्ड, आईवडील सगळे बीड जिल्ह्यात. पण कॅपमध्ये तिचे गृह विद्यापीठ नांदेडचे. लातूरच्या खासगी महाविद्यालयात तिने 'एच'चे स्तंभ पाहायचे, संभाजीनगरच्या खासगी महाविद्यालयात 'ओ'चे आणि संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात 'एस'चे. शिवाय ती मुलगी आणि भटक्या जमाती-ड प्रवर्गातली असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी चार आकडे तिला लागू पडतात: सर्वसाधारण खुला, मुलींचा खुला, सर्वसाधारण एनटी३ आणि मुलींचा एनटी३. 'मी बीडची आहे, ९१ पर्सेंटाईल आहे, कुठे नंबर लागेल' एवढेच विचारले तर साधन तिला बीडच्या विद्यापीठाची धरून चुकीच्या स्तंभातून यादी काढते. बारावीचे ठिकाण, प्रवर्ग, लिंग आणि गुणवत्ता क्रमांक सांगून, लागू असलेले चारही स्तंभ प्रत्येक शाखेसाठी पाहायला लावले, तर तेच साधन काही मिनिटांत समुपदेशकाच्या तोडीची यादी देते. लातूरला राहणाऱ्या मुलांचे पालक बारावी तिथून झाल्याचे वाक्य प्रश्नात घालायला विसरतात. समुपदेशक विचारून घेतो, साधन नेहमी विचारत नाही. त्यामुळे पहिल्याच संदेशात 'यादी करण्याआधी तुला लागणारी माहिती मला विचार' असे लिहिणे फार उपयोगी पडते.

प्रवर्गाबाबत राज्य आणि केंद्र यांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत आणि साधन त्या अनेकदा मिसळते. वंजारी समाज राज्याच्या कॅपमध्ये भटक्या जमाती-ड आहे, धनगर समाज भटक्या जमाती-क. आयआयटी, एनआयटी किंवा वैद्यकीयच्या अखिल भारतीय कोट्यात हे दोन्ही समाज इतर मागासवर्गात येतात आणि तिथे केंद्राच्या नमुन्यातील वेगळे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने राज्यात सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग (एसईबीसी) म्हणून १० टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत तो प्रवर्ग नाही, म्हणून तिथे पात्र कुटुंबांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा (ईडब्ल्यूएस) दाखला केंद्रीय नमुन्यात काढावा लागतो. त्यात २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींवरून कुणबी प्रमाणपत्राचा मार्ग मराठवाड्यात खुला केला. एकाच घरात एका भावाकडे एसईबीसीचा दाखला आणि दुसऱ्याकडे कुणबीचा, असे घडू शकते. कोणत्या प्रवर्गातून अर्ज करावा, हा निर्णय साधनाच्या एका उत्तरावर घेऊ नये. चुकीचा प्रवर्ग निवडला तर नुकसान यादीतल्या क्रमापुरते राहत नाही, प्रवेशच रद्द होऊ शकतो.

पसंतीक्रम हा समुपदेशकाचा मुख्य माल. त्याभोवती गूढ जपले जाते, पण प्रत्यक्षात जागावाटप सरळ आहे. संगणक गुणवत्ता यादीतील पहिल्या क्रमांकापासून सुरू करतो. समजा, पाळी ४१,२३७ व्या क्रमांकाच्या मुलाची आली. त्याची यादी वरून खाली वाचली जाते. पहिला पर्याय भरलेला, दुसरा भरलेला, तिसऱ्यात त्याला लागू असलेल्या प्रवर्गात जागा शिल्लक, म्हणून ती त्याची. वरचे दोन पर्याय अवघड होते म्हणून खालच्या पर्यायाचे काहीही बिघडले नाही. 'वरच्या कॉलेजवर पहिला ऑप्शन वाया जातो' ही बीडमध्ये सर्रास ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. यादी आवडीच्या क्रमाने लावावी, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नव्हे. पुरेसे खालचे पर्याय मात्र यादीत असले पाहिजेत.

या सरळ नियमाला २०२५ च्या नियमांनी एक वळण दिले. पहिल्या राउंडमध्ये पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते. दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी कोणतीही मिळाली तरी तसेच. ती नाकारली तर पुढच्या राउंडमध्ये बसता येत नाही. म्हणून दुसऱ्या राउंडला अर्ज भरताना पहिल्या तीन जागी असेच पर्याय हवेत, जे मिळाले तर घर सोडून तिथे जायची तयारी आहे. घरखर्च, वसतिगृह, बसभाडे यांचा विचार त्या तीन ओळी लिहिण्याआधी झाला पाहिजे. साधनाला पुस्तिका न देता याविषयी विचारले, तर ते कधी कधी 'फ्लोट' आणि 'स्लाइड' करायला सांगते. हे शब्द आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशातले आहेत. ते दिसले की साधन दुसऱ्याच प्रक्रियेचे नियम सांगत आहे, एवढे ओळखावे आणि संवाद नव्याने सुरू करावा.

या साधनाला कुठल्याही महाविद्यालयाकडून मोबदला मिळत नाही, हा त्याचा मोठा गुण. काही समुपदेशकांना तो मिळतो, आणि मग 'कॅपची वाट कशाला पाहता, संस्थेच्या कोट्यातून सीट पक्की करून देतो' असा सल्ला येतो. हा सल्ला बीडच्या मुलीला किती महाग पडतो, ते आकड्यांत सांगता येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्या मुलीला ही सवलत नाही. चार वर्षांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क वाचवायचे की घाईने जागा धरायची, हा प्रश्न साधनाला सविस्तर विचारता येतो आणि ते दोन्हीकडचा हिशेब मांडून देते.

साधनाचा दोष उलट्या बाजूचा आहे. ते विचारणाऱ्याच्या कलाने बोलते. 'कॉम्प्युटरच घ्यावे ना?' असे विचारले तर हो म्हणते, 'सिव्हिल चांगले ना?' विचारले तर त्यालाही हो म्हणते. एकाच शाखेच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन वेगळ्या संवादांत, तटस्थ शब्दांत विचारून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवणे हा त्यावरचा उतारा.

दाखल्यांच्या कामात साधन रांगेत उभे राहू शकत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतात आणि नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत वैध लागतो. जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते आणि त्याला महिने लागू शकतात. म्हणून अर्ज अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करायचा असतो. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे विमुक्त व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा शोधताना पणजोबांच्या नावाची नोंद उर्दूत किंवा मोडीत सापडते. तिच्या छायाचित्रावरून साधनाने केलेले वाचन समिती ग्राह्य धरत नाही, आणि हस्तलिखित मोडी वाचताना ते नावे चुकवतेही. जाणकाराने केलेले लिप्यंतरच लागते. साधनाचा उपयोग इथे वेळापत्रकापुरता: कोणता दाखला कुठून, त्याला आधी कोणते कागद, आणि दिवाळीला आईवडील निघण्याआधी कोणत्या सह्या उरकायच्या, याची महिनावार यादी. ऊसतोडीच्या घरासाठी ही यादी ऑप्शन फॉर्मइतकीच मोलाची आहे.

वैद्यकीय प्रवेशात १५ टक्के शासकीय जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची समिती भरते आणि ८५ टक्के राज्य. दोन्हींची संकेतस्थळे, वेळापत्रके आणि जागा सोडण्याचे नियम वेगळे आहेत. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागाही अशाच दोन दारांतून भरतात. केंद्राच्या कोणत्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जाते, हा प्रश्न त्या वर्षीची पुस्तिका जोडल्याशिवाय विचारूच नये.

साधनाला द्यायची माहिती आणि न द्यायची माहिती यांत फरक ठेवावा. गुणवत्ता क्रमांक, पर्सेंटाईल, प्रवर्ग, लिंग, जिल्हा, बारावीचे ठिकाण एवढ्यावर काम भागते. आधारकार्डाचे छायाचित्र, अर्ज क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी त्याला लागत नाहीत. पासवर्ड कॅफेवाल्याकडे किंवा समुपदेशकाकडे ठेवण्याची सवय त्याहून धोक्याची आहे, कारण ऑप्शन फॉर्म शेवटच्या तारखेपर्यंत बदलता येतो आणि पक्का करण्याचा हक्क पासवर्ड ज्याच्याकडे त्याचा होतो. फॉर्म विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून पक्का करावा आणि पावती जपून ठेवावी.

साधन, पुस्तिका आणि कट-ऑफ यांत मेळ बसत नसेल, तर सीईटी सेलने नेमलेले सुविधा केंद्र जिल्ह्यातच असते. केंद्रांची यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळते. कागदपत्रांची तपासणी तिथे होते आणि शंकेलाही तिथे उत्तर मिळते. जाताना साधनाने काढलेली यादी, ज्या नियमाबद्दल शंका आहे त्या पानाची छापील प्रत आणि मूळ दाखले सोबत न्यावेत. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत नाव, प्रवर्ग किंवा गृह विद्यापीठ चुकले असेल, तर दुरुस्ती हरकतींच्या मोजक्या दिवसांतच होते. त्यामुळे यादी लागली की साधनाकडे जाण्याआधी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावापुढे गृह विद्यापीठ कोणते दाखवले आहे ते पाहावे.